श्वानांचा सांसर्गिक खोकला आणि जीवदयेची व्यवस्था
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शिखरजीची किंवा श्रवणबेळगोळची यात्रा ठरली की घरात महिनाभर आधी तयारी सुरू होते. आरक्षण, धर्मशाळेतील खोली, सोबत न्यावयाचे कोरडे पदार्थ, वृद्धांची औषधे यांची यादी होते. या यादीत अगदी शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा निघण्याच्या चार दिवस आधी आठवतो : घरातल्या कुत्र्याचे काय? पूर्वी कुत्रे वाड्याच्या दारात असे, शेजारी भाकरीचा तुकडा टाकत, मालक परत येईपर्यंत त्याचे दिवस निघून जात. आता वाडे गेले, सदनिका आल्या. कुत्रे दारातून दिवाणखान्यात आले आणि शेजाऱ्याकडे दुसऱ्या सदनिकेची किल्ली द्यावी इतका परिचय उरला नाही. या बदलातून पुण्या-मुंबईतच नव्हे, तर कोल्हापूर-सांगलीसारख्या शहरांतही कुत्र्यांच्या निवासाची केंद्रे निघाली. कोणी त्यांना बोर्डिंग म्हणतात, कोणी डॉग हॉस्टेल, इंग्रजीच्या वळणाने कोणी केनेल. दिवसाचे ठरावीक पैसे भरून कुत्रे तेथे ठेवावे व परतताना घेऊन यावे, अशी ही सोय आहे.

सोय चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अनेक घरांचा अनुभव असा की, कुत्रे आनंदाने शेपटी हलवत घरी येते, दोन-तीन दिवस बरे जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे त्याला ढास लागते. आवाज कोरडा, खरखरीत, बदकाच्या ओरडण्यासारखा. उबळीवर उबळ येते, मान पुढे ताणली जाते, शेवटी ओकारी येऊन थोडा पांढरा फेस पडतो आणि कुत्रे पुन्हा पूर्ववत होऊन खाण्याच्या भांड्याकडे जाते. हे पाहणाऱ्याला हमखास वाटते की घशात काहीतरी अडकले आहे. मांसाहारी घरात हाडाचा संशय येतो. आपल्या घरांत पोळीच्या काठाचा किंवा मुलांच्या खेळण्याच्या तुकड्याचा. मग घरातले कोणीतरी त्याचा जबडा उघडून बोट घालून पाहते. तेथे काहीही सापडत नाही, बोटाला मात्र दात लागतो. अडकलेले असते ते श्वासनलिकेच्या आतील आवरणावर, आणि ते डोळ्यांना दिसणारे नसते.

या विकाराला लोकव्यवहारात केनेल कफ म्हणतात. नाव सोयीचे असले तरी दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. हा रोग केनेलपुरता नाही. जेथे जेथे अनेक कुत्री एका हवेत श्वास घेतात तेथे तो होतो. श्वान-प्रदर्शन, प्रशिक्षणवर्ग, सोसायटीची बाग, एवढेच काय, पशुवैद्यांच्या दवाखान्यातील प्रतीक्षेचे बाकसुद्धा त्याला पुरते. आणि आपण 'कफ' म्हणतो तेव्हा बेडका समजतो. येथे निदान प्रारंभी तरी बेडका नसतो, असतो तो निव्वळ कोरडा खोकला. पशुवैद्यक ग्रंथांत अलीकडे त्यास श्वानांच्या सांसर्गिक श्वसनरोगांचा समूह असे लांबलचक नाव देतात. तेच अधिक यथार्थ होय, कारण हा एका जंतूचा रोग नाही.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस अतिसूक्ष्म केसांसारखी झालर असते. शालेय पुस्तकांत त्यांना पक्ष्माभिका म्हटले आहे. या पक्ष्माभिका अहोरात्र एका लयीत हलत असतात आणि श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, परागकण, जंतू हे सर्व चिकट स्रावासह वर घशाकडे लोटत असतात. घरातील केरसुणीचे काम शरीरात त्या करतात. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जीवाणू नेमका या झालरीलाच चिकटतो आणि आपल्या विषद्रव्यांनी तिची हालचाल थांबवतो. झाडणारेच थांबले की कचरा साचणार, हे सांगावयास नको. पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू आणि दुसऱ्या प्रकारचा अ‍ॅडिनोविषाणू या झालरीच्या पेशींनाच इजा करतात. बहुधा होते असे की, आधी विषाणू वाट मोकळी करतो आणि मागून जीवाणू आत शिरतो. शिवाय मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांचा श्वसन-कोरोनाविषाणू, इन्फ्लुएन्झा असे इतर सोबती आहेतच. म्हणून दोन कुत्र्यांचा खोकला कानांना सारखा वाटला तरी आतील कारण सारखे असेलच असे नाही.

बोर्डेटेला हे नाव ज्यूल्स बोर्डे या बेल्जियन शास्त्रज्ञावरून आले. १९०६ साली त्यांनी आणि ऑक्टाव्ह झेंगू यांनी लहान मुलांच्या डांग्या खोकल्याचा जंतू वेगळा केला. कुत्र्यांच्या खोकल्याचा जंतू हा त्याचाच भाऊबंद. जुन्या पिढीतील ज्या आजींनी डांग्या खोकल्याने व्याकूळ झालेले मूल मांडीवर घेऊन रात्री काढल्या असतील, त्यांना कुत्र्याची ही उबळ ऐकून ओळख पटावी.

या जीवाणूचा शोध ज्या रीतीने लागला ती कथा थोडी सांगण्याजोगी आहे. १९१०-११ च्या सुमारास अमेरिकेत फेरी आणि एडिंबरोत मॅकगोवन या संशोधकांना डिस्टेंपर नावाच्या भयंकर रोगाने मेलेल्या कुत्र्यांच्या श्वासमार्गात हा जीवाणू सापडला. डिस्टेंपरचे कारण हेच, असा निष्कर्ष निघाला. वस्तुतः फ्रान्समध्ये आन्री कारे यांनी १९०५ मध्येच दाखवून दिले होते की, डिस्टेंपरचे कारण जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, म्हणजे ते विषाणू आहे. पण त्यांचे म्हणणे बराच काळ मान्य झाले नाही. पुढे लंडनजवळच्या मिल हिल येथे लेडलॉ आणि डंकिन यांनी १९२० च्या दशकात फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या साहाय्याने कारे यांचे म्हणणे निर्विवाद सिद्ध केले. (त्याच मिल हिलमध्ये, त्याच फेरेटच्या आधारे १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला. कुत्र्यांसाठी केलेले काम माणसाच्या उपयोगी पडले ते असे.) डिस्टेंपरचा आरोप पुसला गेला आणि बिचाऱ्या जीवाणूस कोणी विचारेना. मेलेल्या कुत्र्याजवळ योगायोगाने उभा असलेला इसम, एवढीच त्याची गणना राहिली. १९७० च्या दशकात ग्लासगो येथील पशुवैद्यकीय संशोधकांनी निरोगी कुत्र्यांना केवळ या जीवाणूचा संसर्ग घडवून दाखवले की, तो एकटाही खोकला निर्माण करतो. एका अपराधातून सुटलेला दुसऱ्या अपराधात दोषी ठरला.

ही हकीकत केवळ मनोरंजनासाठी नाही. खोकणारे प्रत्येक कुत्रे केनेल कफचेच, असे समजण्याची चूक आजही होते आणि डिस्टेंपरची सुरुवात तशा खोकल्याने होऊ शकते. डोळ्यांतून चिकट घाण, नाकातून पिवळा स्राव, ताप, जुलाब, पुढे झटके, अशी ती वाट आहे आणि लस न घेतलेल्या पिल्लांत ती बहुधा मृत्यूकडे जाते. उलट वयस्क पामेरियनचा बदकासारखा खोकला श्वासनलिका चपटी होण्याच्या जुन्या विकाराचाही असतो, आणि दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याचा रात्रीचा खोकला हृदयाच्या झडपेचाही. बोर्डिंगमधून परतल्यावर दहा दिवसांच्या आत, पूर्वी कधी न खोकणारे कुत्रे एकाएकी खोकू लागले तर मात्र संशयाचे बोट प्रथम या सांसर्गिक खोकल्याकडेच जाते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते दहा दिवस, क्वचित दोन आठवडे जातात.

या मधल्या दिवसांतच सगळा घोळ आहे. आठ दिवसांच्या मुक्कामासाठी येणारे कुत्रे दारात तपासले तर ठणठणीत दिसते. ताप नाही, खोकला नाही. तरीही ते जंतू बाळगून असू शकते. ते भुंकते, शिंकते, शेजारच्या जाळीला नाक लावते. जाणारे कुत्रेही ठणठणीत दिसत जाते आणि घरी पोहोचल्यावर खोकू लागते. केनेलचालक प्रामाणिकपणे म्हणतो, "आमच्याकडे असेपर्यंत एकदाही खोकले नाही." मालकही प्रामाणिकपणे म्हणतो, "तुमच्याकडे पाठवण्यापूर्वी त्याला काही नव्हते." दोघांचे म्हणणे खरे असते आणि भांडण तरी होतेच.

निवासस्थानी हा रोग कसा फिरतो याचा एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील संशोधकांनी बेवारस कुत्र्यांना नवी घरे मिळवून देणाऱ्या एका मोठ्या आश्रयस्थानाचा अभ्यास केला. तेथे कुत्र्यांना नेमाने लसी दिल्या जात होत्या, तरीही खोकल्याची साथ काही केल्या हटत नव्हती. शोध घेता एक नवाच विषाणू आढळला. २००३ साली त्यांनी तो श्वानांचा श्वसन-कोरोनाविषाणू म्हणून प्रसिद्ध केला. कोरोना हा शब्द घरोघरी पोहोचला तो २०२० मध्ये, पण कुत्र्यांच्या निवासांत त्या कुळातील एक सदस्य कितीतरी आधी ठाण मांडून होता. (हा विषाणू कोविडचा नव्हे, दोघांचे कूळ एक, स्वभाव वेगळा.) संशोधकांनी दाखल होणाऱ्या कुत्र्यांचे रक्त पहिल्या दिवशी तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहूनही कमी कुत्र्यांत या विषाणूचा पूर्वी संपर्क आल्याची खूण होती. तीन आठवड्यांनी तपासले, तेव्हा ती जवळजवळ सर्वांत होती. सज्जन चालक, लसीकरण, औषधोपचार हे सगळे असूनही एका छपराखालची हवा सर्वांना एकच होती.

क्वचित प्रसंगी हे प्रकरण खोकल्यापुरते राहत नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत साथ आली. बावीस कुत्री आजारी पडली, त्यांपैकी आठ फुप्फुसांत रक्तस्राव होऊन दगावली. कारण शोधता घोड्यांचा एच३एन८ इन्फ्लुएन्झा कुत्र्यांत उतरल्याचे दिसले. २०१५ च्या वसंत ऋतूत शिकागो व परिसरात हजाराहून अधिक कुत्री खोकू लागली. प्रथम वाटले की तोच जुना इन्फ्लुएन्झा असावा. एप्रिलमध्ये प्रयोगशाळांनी सांगितले की, हा आशियातून आलेला, मूळचा पक्ष्यांचा एच३एन२ आहे. अनेक बोर्डिंग व दिवसाचे सांभाळकेंद्र चालवणाऱ्यांना दारे बंद ठेवावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस या प्रकारावरील लस अमेरिकेत उपलब्ध झाली. एवढ्या दूरच्या घटना सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, साधा खोकला म्हणून अंगावर काढलेला आजार प्रत्येक वेळी साधा असतोच असे नाही.

तथापि, भयभीत होण्याचेही कारण नाही. सुदृढ, तरुण, लसीकरण झालेल्या कुत्र्याचा हा खोकला बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. कुत्रे खाते, पिते, खेळते, मध्येच खोकते. अशा कुत्र्याला लगेच प्रतिजैविके द्यावीत का, यावर सोबती प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांतील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१७ साली मार्गदर्शक मत दिले. ताप नसेल, भूक बरी असेल, फुप्फुसाचा दाह नसेल तर पहिले दहा दिवस प्रतिजैविकाविना वाट पाहावी आणि गरज पडलीच तर डॉक्सिसायक्लिनला प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे पहिल्याच भेटीत "काहीतरी जालीम औषध द्या हो डॉक्टर" अशी गळ घालणारे पालक पुष्कळ आणि ती मोडवत नाही म्हणून लिहून देणारेही पुष्कळ. विषाणूवर त्या गोळीचा काडीइतका उपयोग नसतो.

विश्रांती हे येथे मुख्य औषध. गळपट्टा ओढला गेला की सुजलेल्या श्वासनलिकेवर दाब येऊन उबळ येते, यास्तव पंधरा दिवस गळपट्टा काढून छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून दहा मिनिटे कुत्र्यासह बसले तर कित्येकांना आराम पडतो. मात्र पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना कोंदट उष्णता सोसवत नाही, त्यांच्या बाबतीत हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याखेरीज नको. उदबत्ती, धूप, मच्छर घालवणारी अगरबत्ती, फोडणीचा ठसका यांपासून त्याला दूर ठेवावे. माणसाला जे सुगंधी ते त्याच्या सोललेल्या नळीला जहाल.

घरगुती उपचारांविषयी अधिक स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण येथे प्रेमापोटी जीव जाऊ शकतो. मराठी घरात खोकल्यावर खडीसाखर आणि मनुका देण्याचा रिवाज आहे. मनुका व द्राक्षे कुत्र्याला विषवत आहेत; थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. माणसाची खोकल्याची औषधे देऊ नयेत. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या औषधांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. तो कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरवतो आणि यकृत बिघडवतो. तापावरची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीवरची आयब्युप्रोफेन गोळी आपल्या अंदाजाने दिली तर अनर्थ ओढवतो. कांदा-लसूणही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहे. पण तो धोका आपल्या बहुतेक घरांत मुळातच उद्भवत नाही, हे या सभेत सांगताना कोणालाही समाधान वाटावे.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला जावे अशा खुणा थोड्या आहेत व त्या घरातील प्रत्येकाला पाठ असाव्यात. कुत्र्याने खाणे सोडले. कोरडा खोकला ओला झाला. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येऊ लागला. झोपेत असतानाही श्वास मिनिटाला चाळीसच्या वर गेला. हिरड्या गुलाबी न दिसता फिकट वा निळसर दिसल्या. चार-पाच महिन्यांच्या आतील पिल्लू, वृद्ध कुत्रे, आधीच हृदयविकार किंवा अन्य दीर्घ आजार असलेले कुत्रे यांच्या बाबतीत खुणांची वाटही पाहू नये. दवाखान्यात जाताना आधी दूरध्वनी करून "खोकला आहे" असे सांगावे आणि आपली पाळी येईपर्यंत कुत्र्याला गाडीत, माणसासोबत व खिडक्या उघड्या ठेवून थांबवावे. आत बाकावर दुसऱ्या कोणाचे दीड महिन्याचे पिल्लू पहिल्या लसीसाठी आलेले असते.

आता लसीविषयी. आपल्याकडे कुत्र्याला दरवर्षी जी एकत्रित लस टोचतात, तिच्यात डिस्टेंपर, पार्व्हो, अ‍ॅडिनो आणि बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा यांचा अंतर्भाव असतो. बोर्डेटेलाची लस त्यात नसते. ती स्वतंत्रपणे मागून घ्यावी लागते आणि अनेक पालकांना हे ठाऊकच नसते. ते बोर्डिंगमध्ये अभिमानाने लसीची पुस्तिका दाखवतात, चालकही पाने उलटून मान डोलावतो. बोर्डेटेलाची लस नाकात थेंब सोडून, काही देशांत तोंडातून, किंवा टोचून देतात. नाकातील लसीचा परिणाम लवकर होतो, काही दिवसांतच. तथापि, निघण्याच्या निदान एक आठवडा आधी ती घ्यावी, कारण लसीनंतर दोन-चार दिवस थोड्या शिंका वा खोकला येऊ शकतो. टोचण्याची लस प्रथमच घेत असल्यास दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणजे तयारी यात्रेच्या आरक्षणाबरोबरच सुरू व्हावयास हवी. नाकात सोडण्याची सजीव लस चुकून टोचली गेल्यास गंभीर अपाय होतो. म्हणून ती औषधाच्या दुकानातून आणून घरी देण्याचे साहस कोणी करू नये. आणि लस घेतली म्हणजे खोकला होणारच नाही, असेही कोणी समजू नये. वर सांगितलेल्या जंतूंच्या मेळ्यापैकी काहींवरच लस आहे. ती आजाराची तीव्रता कमी करते, न्यूमोनियापासून पुष्कळ अंशी वाचवते. हा लाभ लहान नाही.

बोर्डिंग निवडताना पालक बहुधा हिरवळ, पोहण्याचा हौद आणि भ्रमणध्वनीवर येणारी छायाचित्रे पाहतात. हे सर्व असावे, परंतु पाहावयाचे वेगळेच आहे. सकाळी दहाच्या सुमारास पूर्वसूचना न देता जावे आणि कुत्र्यांच्या खोलीत दोन मिनिटे उभे राहावे. डोळ्यांना मूत्राच्या वासाने झोंबत असेल तर हवा बदलत नाही, एवढे निश्चित समजावे. जी हवा वास बाहेर नेत नाही ती जंतूही नेत नाही. निवासाच्या खोलीतील हवा तासाला दहा-पंधरा वेळा पूर्णपणे बदलावी, असा पशु-आश्रयस्थानांच्या रचनेतील सर्वमान्य दंडक आहे. दोन पिंजऱ्यांमध्ये नुसती जाळी आहे की भिंत? खोकणाऱ्या कुत्र्यासाठी वेगळी खोली आहे का, आणि ती कोठे आहे? पाण्याची भांडी प्रत्येकाची वेगळी आहेत की सर्वांसाठी एक हौद? सेवक एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का? कुत्री आत असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फरशी धुतली जात असेल, तर जमिनीवरचे जंतू तुषारांबरोबर हवेत उडवले जात आहेत, हे ध्यानात घ्यावे. इंग्लंडमध्ये अशा निवासांना परवाना लागू करणारा कायदा १९६३ साली झाला आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी अधिक तपशीलवार नियम आले. आपल्याकडे श्वान-पैदाशीसाठी २०१७ चे आणि प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत. बोर्डिंगच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष पाहणी हाच पालकाचा मोठा आधार.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न इमारतीचा नाही, सचोटीचा आहे. उद्या पहाटे गाडी आहे, बारा माणसांचे आरक्षण आहे आणि आज सायंकाळी कुत्रे दोनदा खोकले. काय करावे? बोर्डिंगच्या दारात कोणी विचारले नाही तर गप्प बसण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह आवरला नाही तर त्या छपराखालच्या वीस-पंचवीस जीवांना त्याची किंमत मोजावी लागते. त्यांत एखादे बारा वर्षांचे हृदयरोगी कुत्रे असू शकते, ज्याचे कुटुंबही कोठेतरी यात्रेलाच गेले असेल. चालकाच्या बाजूलाही असाच मोह असतो : दिवाळीच्या आठवड्यात सर्व जागा भरलेल्या, एक कुत्रे खोकू लागले, सर्वांना कळवावे तर हंगाम बुडाला. जो चालक आपणहून दूरध्वनी करून "एका पाहुण्याला खोकला आहे, तुमचे कुत्रे पाठवण्यापूर्वी विचार करा" असे सांगतो, त्याच्याकडे पुढच्या खेपेस अवश्य जावे. तसेच घरी परतल्यावर कुत्रे खोकू लागले तर आरोप करण्यासाठी नव्हे, तर इतरांना सावध करता यावे म्हणून बोर्डिंगला कळवावे. त्यानंतर निदान दोन आठवडे ते सोसायटीच्या बागेत नेऊ नये. खोकला थांबल्यावरही बोर्डेटेला काही कुत्र्यांच्या श्वासमार्गात तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. यासाठी घरी नवे पिल्लू आणण्याचा बेत असल्यास तो थोडा पुढे ढकलणे शहाणपणाचे. घरात मांजर असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेली, प्रत्यारोपण झालेली व्यक्ती असेल, तर अंतर ठेवावे. मनुष्यास हा संसर्ग क्वचितच होतो, पण दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्तीत झाल्याची नोंद आहे.

आपल्या समाजाचा या विषयाशी संबंध केवळ पालक म्हणून नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा पारशी बांधव प्रथम रस्त्यावर उतरले आणि हिंदू व जैन त्यांना मिळाले. शहरात दंगल झाली. त्या क्षोभातून दोन वर्षांनी, १८३४ साली, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर आपल्या समाजातील व्यापारीही तिच्या स्थापनेत अग्रभागी होते. पांजरपोळ म्हटले की आज गायी डोळ्यांसमोर येतात. मुंबईत तिचा आरंभ कुत्र्यांसाठी झाला, याचे विस्मरण झाले आहे.

त्या परंपरेतील ज्या संस्था आजही जखमी, अपंग, टाकून दिलेल्या कुत्र्यांना आश्रय देतात, त्यांच्यापुढे बोर्डिंगपेक्षा मोठी अडचण आहे. बोर्डिंगवाला "जागा नाही" म्हणू शकतो. जीवदयेच्या संस्थेच्या दारात रात्री कोणीतरी टोपली ठेवून जाते. नकार द्यावयाचा कसा, या संकोचातून पन्नासांच्या जागेत ऐंशी कुत्री राहतात. मग लंडनच्या त्या आश्रयस्थानात घडले तेच येथे अधिक वेगाने घडते. ऐंशी कुत्री एकमेकांच्या तोंडावर भुंकतात, ताणाने त्यांची प्रतिकारशक्ती खालावते, एका पिल्लाचा खोकला आठवड्यात सर्वांचा होतो आणि त्यांतील अशक्त पिल्ले न्यूमोनियाने जातात. देणगीदार नव्या शेडसाठी उदार हस्ते दान देतात, कारण शेडवर नामफलक लागतो. नवागतांना चौदा दिवस वेगळे ठेवण्याच्या चार साध्या खोल्या, भिंतीतील दोन हवा खेचणारे पंखे, वर्षभराच्या लसी, यांवर नाव कोरता येत नाही आणि म्हणून त्यांना दाता मिळणे कठीण जाते. विश्वस्तांनी याचा विचार करावा, इतके म्हणणे अप्रस्तुत होणार नाही.

स्वच्छतेविषयी काही श्रावक एक शंका मनात बाळगतात : जंतुनाशक टाकणे म्हणजे सूक्ष्म जीवांची हिंसाच ना? शास्त्राने गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा यांत भेद केला आहे व घर, स्वयंपाक, स्वच्छता यांतून अपरिहार्यपणे घडणारी ती दुसऱ्या प्रकारात येते. तेथे अपेक्षा आहे ती जयणेची, म्हणजे सावधपणाची. योगायोग असा की, पशुवैद्यकाचे सांगणेही तेच आहे. आधी विष्ठा व केस कोरड्यानेच उचलून घ्यावेत, मग साबणाने धुवावे, फरशी निथळू द्यावी आणि त्यानंतरच जंतुनाशक लावावे; घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. बाजारात मिळणाऱ्या सुमारे पाच टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, असे द्रावण दहा मिनिटे राहू दिले की या खोकल्याच्या जंतूंसाठी पुरेसे होते. अधिक तीव्र केल्याने अधिक पुण्य लागत नाही. त्या वाफेने कुत्र्यांच्या श्वासनलिका मात्र आणखी सोलवटतात. कुत्री बाहेर काढून, दारे उघडी ठेवून हे काम करावे. काळ्या फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा समज आपल्या संस्थांतून जितक्या लवकर जाईल तितके बरे.

सेवकांच्या कामाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम पिल्ले, नंतर निरोगी प्रौढ कुत्री, त्यानंतर नवागत आणि सर्वांत शेवटी खोकणारी कुत्री. त्यांच्या खोलीचा झाडू, बादली व सेवकाचा अंगरखा त्या खोलीबाहेर येऊ नये. भिंतीवर एक साधी वही टांगून कोणत्या पिंजऱ्यातील कुत्रे कोणत्या दिवशी प्रथम खोकले, एवढे जरी लिहिले, तरी भेटीस येणाऱ्या पशुवैद्यास रोग कोठून शिरला हे पाच मिनिटांत सांगता येते. तीन-चार कुत्री एकाच आठवड्यात आजारी पडली, तर त्यांपैकी नुकत्याच खोकू लागलेल्या कुत्र्याच्या घशातील नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा रोगनिदान प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. दहा दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात विषाणू बहुधा सापडत नाही.